दगडाचं वय विचारताना कुठलं वय ते आधी विचारा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एक फॉरवर्ड येतोच, कधी एखादं मंदिर, कधी लेणी, कधी अख्खा डोंगर, आणि खाली ठसठशीत अक्षरात "कार्बन डेटिंगने सिद्ध झालंय" असं लिहिलेलं. परवाचा तर कळस होता, सह्याद्रीच्या कातळाचं म्हणे कार्बन डेटिंग झालं आणि तो इतक्या इतक्या कोटी वर्षांचा निघाला. आकडा जवळपास बरोबर होता ही त्यातली गंमत! पद्धत मात्र साफ चूक. ग्रुपवर वाद घालण्यात अर्थ नसतो, सकाळची गुड मॉर्निंगची फुलं येतात आणि सगळं वर वाहून जातं, म्हणून इथे लिहितोय.

कार्बन डेटिंगचं आधी उरकून टाकू. झाड, माणूस, गाय, जे जे जिवंत आहे ते हवेतून किंवा अन्नातून कार्बन घेत असतं आणि त्यात चिमूटभर कार्बन-१४ असतो. जीव गेला की नवीन येणं बंद, आहे तो हळूहळू फुटत जातो, त्याची हाफ-लाइफ ५,७३० वर्षं. म्हणजे तेवढ्या काळात निम्मा संपतो, अजून तेवढ्या काळात उरलेल्याचा निम्मा, असं करत करत पन्नास हजार वर्षांच्या आसपास मोजण्यासारखं काही शिल्लकच राहत नाही. सह्याद्रीचा कातळ ६.६ कोटी वर्षांचा, त्याला ही ५,७३० ची फूटपट्टी लावायची म्हणजे साडेअकरा हजार वेळा निम्मं करायचं. मी सहज गणित मांडून बघितलं, अख्खी पृथ्वी जरी नुसत्या कार्बन-१४ ची बनलेली असती तरी दहा लाख वर्षांच्या आत शेवटचा अणू संपला असता. शिवाय लाव्हाचा दगड कधी जिवंत नव्हता, त्यामुळे मुळात मोजायचं काय? कार्ल्याच्या चैत्यात छताला लाकडाच्या कमानी आहेत ना, त्या लाकडाचं कार्बन डेटिंग करता येतं, कारण ते झाड होतं. ज्या कातळात ती लेणी खोदली त्याचं नाही. आणि कातळाचं वय दुसऱ्या पद्धतीने काढलं तरी ते लेण्याचं वय होत नाही, छिन्नी मारल्याने दगडाच्या आतलं काही बदलत नाही, दगडाला पत्ताही नसतो की आपल्यात कोणी बुद्धविहार कोरलाय.

हे शेवटचं वाक्य नीट धरून ठेवा कारण मला जे सांगायचंय ते तिथेच आहे. हाफ-लाइफ, फॉर्म्युला, लॉगॅरिदम हा सगळा सोपा भाग आहे, बारावीचं पोरगं करेल. अवघड प्रश्न हा की तुम्ही जे वय काढलंत ते नक्की कुठल्या घटनेपासूनचं?

तरी हाफ-लाइफबद्दल दोन गोष्टी सांगतोच, कारण लोकांना वाटतं अणू "म्हातारा" होऊन फुटतो. तसं नाही. एका मैदानात हजार माणसं उभी केली, प्रत्येकाच्या हातात नाणं, दर मिनिटाला सगळ्यांनी उडवायचं आणि छापा आला त्याने खाली बसायचं. पहिल्या मिनिटाला साधारण पाचशे बसतील, मग अडीचशे, मग सव्वाशे. कोण कधी बसेल हे सांगता येत नाही, आणि जो दहा मिनिटं उभा राहिलाय त्याची पुढच्या मिनिटाला बसण्याची शक्यता जो एकच मिनिट उभा आहे त्याच्याइतकीच. पण किती उभे आणि किती बसलेले हे मोजलं तर खेळ सुरू होऊन किती वेळ झाला ते बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. दगडात माणसं हजार नसतात, अब्जांच्या अब्ज असतात, त्यामुळे अंदाज फारच नेमका येतो.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका आहेत, बँकेतून रिटायर, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे ते ठीक आहे, पण दगडासाठी वापरतात त्या पोटॅशियम-४० ची हाफ-लाइफच १२५ कोटी वर्षं म्हणतोस, ती कोणी बसून मोजली?" म्हटलं काका, प्रश्न एक नंबर आहे. अहो पण सगळं संपायची वाट बघायची गरजच नाही. एक ग्रॅम पोटॅशियम घ्या, त्यात दर सेकंदाला साधारण तीस अणू फुटतात, काउंटर लावून मोजता येतात. एकूण अणू किती ते वजनावरून माहीत, दर सेकंदाला किती जातात तेही माहीत, मग निम्मे जायला किती काळ लागेल हा साधा हिशोब. व्याज महिन्याचं कळलं की दर काढता येतो ना, त्यासाठी मुदत संपायची वाट कोण बघतं, असं म्हटल्यावर काकांना लगेच पटलं. वर हेही सांगितलं की तुमच्या माझ्या अंगात जे पोटॅशियम आहे त्यातले चार हजारच्या वर अणू दर सेकंदाला फुटतायत, तेव्हा मात्र त्यांनी हातातलं केळं जरा संशयाने बघितलं.

हा दर तापमानाने, दाबाने, कुठल्या रसायनात अडकलाय त्याने व्यवहारात बदलत नाही. आफ्रिकेत गॅबॉनमध्ये ओक्लो नावाची युरेनियमची खाण आहे, तिथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीत आपोआप अणुभट्टी पेटली होती, १९७२ साली फ्रेंचांच्या लक्षात आलं. तिची राख, म्हणजे उरलेले आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू), तपासले तर अणूचे नियम तेव्हाही आजच्यासारखेच होते असं निघतं.

आता आपल्या काळ्या दगडाकडे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग डेक्कन ट्रॅप्सच्या बेसॉल्टवर, म्हणजे थरांवर थर साचून थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडावर बसलाय, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रात न मावता गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगणात गेलेला. गडाच्या पायऱ्या, देवळाचे चिरे, पाटा वरवंटा, रस्त्याची खडी, सगळा तोच. याचं वय काढायला पूर्वी जी पद्धत वापरली ती पोटॅशियम-आर्गॉन. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये ०.०१२ टक्क्याच्या आसपास पोटॅशियम-४० असतो, तो फुटला की शंभरातले नव्वदेक कॅल्शियम होतात आणि दहा-अकरा आर्गॉन-४०. कॅल्शियमचा उपयोग नाही कारण दगडात तो आधीच ढिगाने असतो, नवा कुठला जुना कुठला कळत नाही. आर्गॉन मात्र निष्क्रिय वायू, कोणाशी जोडला जात नाही, लाव्हा पातळ आणि तापलेला असताना तो उडून जातो. लाव्हा थिजला की स्फटिकांमध्ये जो नवा आर्गॉन तयार होतो तो अडकून बसतो. थोडक्यात, थिजला तो क्षण म्हणजे शून्य मिनिट.

किती आर्गॉन जमतो ते बघा म्हणजे प्रयोगशाळेतल्या लोकांबद्दल आदर वाढेल. साडेआठ कोटी पोटॅशियम अणू घेतले तर त्यात ४० वाले असतात दहा हजार. ६.६ कोटी वर्षांत त्यातले फुटतात साधारण ३६०. आणि त्यातनं आर्गॉन होतात जेमतेम ३७-३८. बस्. त्यात आपल्या बेसॉल्टमध्ये पोटॅशियम मुळात एक टक्कासुद्धा नसतं, बऱ्याच ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली. आणि आपण ज्या हवेत श्वास घेतो त्यात जवळपास एक टक्का आर्गॉन, तोही बहुतेक ४० वालाच! म्हणजे गर्दीत स्वतःचा माणूस शोधायचा आणि गर्दीतले सगळे त्याच्याच कपड्यातले. यावर उपाय असा की हवेतल्या आर्गॉनमध्ये ३६ वाला एक असेल तर ४० वाले साधारण २९८ असतात, हे प्रमाण ठरलेलं, म्हणून नमुन्यातला ३६ वाला मोजायचा आणि त्याच्या हिशोबाने हवेचा वाटा वजा करायचा.

या पद्धतीने १९७०-८० पर्यंत डेक्कनची जी वयं यायची ती बघितली तर डोकं फिरतं, कुठे आठ कोटी, कुठे तीन-चार कोटी. त्यामुळे बऱ्याच जणांची अशी समजूत होती की इथले ज्वालामुखी कोट्यवधी वर्षं रमतगमत चालू होते. खरं कारण दगडातच होतं. आपल्याकडचा पाऊस, मुरत जाणारं पाणी, त्याने बेसॉल्टमधली काच आणि खनिजं सडतात, त्यांची माती होते, आर्गॉन गळून जातो किंवा पोटॅशियम आतबाहेर होतं. कोणी ट्रेकला गेला असेल त्याने बघितलंच असेल, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड आणि हाताने चुरडला जाणारा मुरूम. अशा दगडाला वय विचारलंत तर तो काहीतरी सांगतो खरा, पण काय सांगतो हे त्यालाच माहीत.

मग आली आर्गॉन-आर्गॉन पद्धत, १९६० च्या दशकात निघालेली आणि मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात चलाख युक्ती. पोटॅशियम आणि आर्गॉन वेगवेगळ्या तुकड्यांवर, वेगवेगळ्या यंत्रांनी मोजण्यापेक्षा दगडच अणुभट्टीत ठेवायचा, न्यूट्रॉनचा मारा करायचा, त्याने पोटॅशियम-३९ मधल्या काहींचा आर्गॉन-३९ होतो. पोटॅशियममध्ये ३९ आणि ४० चं प्रमाण ठरलेलं, म्हणून आता आर्गॉन-३९ म्हणजे आई किती होती त्याची खूण आणि आर्गॉन-४० म्हणजे लेकरं, दोन्ही वायू, दोन्ही एकाच तुकड्यातून, एकाच यंत्रात मोजता येतात. आयआयटी बॉम्बेच्या अर्थ सायन्सेस विभागात याची लॅब आहे आणि तिथले नमुने ट्रॉम्बेला ध्रुव रिअॅक्टरमध्ये ठेवतात. ट्रॉम्बेची टेकडीसुद्धा डेक्कनचाच बेसॉल्ट, म्हणजे दगड घरच्या घरीच फिरून येतो म्हणायला हरकत नाही.

खरी मजा पुढे आहे. भट्टीतून आलेला तुकडा एकदम वितळवत नाहीत, पायरीपायरीने तापवतात. आधी कमी तापमान, जेवढा वायू सुटला त्याचं वय काढायचं, मग जरा वाढवायचं, परत वय, असं वितळेपर्यंत. सुरुवातीला येतो तो सडलेल्या कडांमधला, सैल बसलेला वायू, त्याची वयं वेडीवाकडी येतात. मग जसजसा स्फटिकाच्या आतला सुटायला लागतो तसतसं वय स्थिर होतं, पुढच्या चार-सहा पायऱ्या सगळ्या एकच आकडा सांगतात आणि आलेखात सपाट पठार दिसतं. पठार मिळालं तर त्या वयावर विश्वास ठेवायचा. नाही मिळालं, आलेख जिन्यासारखा चढतच गेला किंवा मधेच खड्डा पडला, तर दगडाने काहीतरी भोगलंय, आकडा छापायच्या आधी विचार करा. दगड स्वतःहून "माझं ऐकू नका" असं सांगतो ही गोष्ट मला भयंकर आवडते, माणसं असं कुठे सांगतात.

या पद्धतीने १९८० च्या दशकाच्या शेवटी चित्र पालटलं. १९८८ च्या सुमाराला परदेशी गटांनी दाखवलं की पश्चिम घाटातले दोन-अडीच किलोमीटर जाडीचे थर फार थोड्या काळात साचले आणि तेही डायनोसॉर संपले त्या सुमाराला. १९९३ मध्ये व्यंकटेशन, पांडे आणि गोपालन या भारतीय संशोधकांनी आपली वयं मांडून म्हटलं की नाही, बराचसा लाव्हा त्याच्या आधीच येऊन गेला होता, ६.७ कोटीच्या आसपास. म्हणजे भांडण आता कोटींवरून लाखांवर आलं.

आणि इथे एक गोम आहे जी सहसा कोणी सांगत नाही. आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत भट्टीत दगडाशेजारी वय माहीत असलेला एक नमुना ठेवावा लागतो, त्याच्यावरून न्यूट्रॉनचा मारा किती झाला ते कळतं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फिश कॅन्यनच्या राखेतलं सॅनिडिन नावाचं खनिज त्यासाठी खूप वापरलं जातं. त्याचं वय आधी २.७८ कोटी धरायचे, मग २.८० झालं, २००८ पासून बरेच जण २.८२ धरतात. फरक दिसायला एक-दीड टक्का. पण ६.६ कोटीचा एक टक्का म्हणजे साडेसहा लाख वर्षं! ज्यांनी शाळेत "डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले" असं घोकलं आणि आता मुलांच्या पुस्तकात ६.६ कोटी बघून चक्रावले त्यांनी समजून घ्या, मधल्या काळात डायनोसॉर मागे गेले नाहीत, घड्याळं नव्याने लावली गेली. २०१३ मध्ये बर्कलेच्या पॉल रेनी यांच्या गटाने डायनोसॉर संपले तेव्हाच्या उल्काघाताच्या, हैतीमध्ये सापडलेल्या काचेच्या मण्यांची आणि मोंटानातल्या राखेची वयं काढून तो क्षण ६.६०४ कोटी वर्षांपूर्वीचा ठरवला, चूक अधिक-उणे अकरा हजार वर्षांची.

आता लोणार. बुलडाण्याच्या लोणार सरोवराचं विवर, १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसॉल्टमध्ये उल्का आपटून झालेलं. इथे "दगडाचं वय किती" या प्रश्नाची दोन उत्तरं एकाच विवराच्या काठावर सापडतात. काठाचा दगड घेतला तर ६.६ कोटीच्या आसपास, कारण तो डेक्कनचाच. पण धडकेत जो दगड वितळून परत थिजला त्यातला आर्गॉन निघून गेला, त्याचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं, त्याला विचारायचं की धडक कधी बसली. आधी थर्मोल्युमिनेसन्सने (नमुना तापवल्यावर निघणाऱ्या उजेडावरून वय काढायची पद्धत) वय आलं होतं ५२ हजार वर्षं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी आर्गॉन-आर्गॉनने काढलं तर आलं ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. अकरा पट! २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा ज्या बातम्या आल्या त्यात मात्र जिकडेतिकडे पन्नास हजारच छापलं होतं.

यात अडचण किती नाजूक आहे बघा. धडक क्षणात होते, दगड वितळतो, क्षणात थिजतो. समजा गडबडीत जुना आर्गॉन पूर्ण बाहेर पडला नाही, नुसता एक टक्का आत राहिला. सहा कोटी वर्षांच्या साठ्याचा एक टक्का म्हणजे सहा-साडेसहा लाख वर्षांचा आर्गॉन, म्हणजे फक्त त्या शिळ्या आर्गॉनमुळेच वय दुप्पट! वितळून किती का लाल होईना, पूर्वीची बाकी चुकती झाली होती का हा प्रश्न राहतोच. त्यामुळे तिथे "हवेतला २९८ च्या हिशोबाने वजा केला, झालं" असं चालत नाही. अनेक पायऱ्यांचे मोजलेले आकडे एका आलेखावर मांडायचे, ते सरळ रेषेत बसले तर रेषेच्या एका टोकाला वय मिळतं आणि दुसऱ्या टोकाला मुळात आत अडकलेल्या आर्गॉनचं प्रमाण, म्हणजे बाकी किती होती ते गृहीत न धरता दगडाकडूनच काढून घ्यायचं. मला स्वतःला हा सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो आणि दुर्दैवाने सांगायला सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून इथेच सोडतो.

दुसरं मोठं घड्याळ युरेनियम-शिशाचं. युरेनियम-२३८ ची हाफ-लाइफ ४४७ कोटी वर्षं, शेवटी होतं शिसं-२०६. युरेनियम-२३५ ची ७० कोटी, होतं शिसं-२०७. हे दोन्ही झिर्कॉन नावाच्या खनिजात एकत्र असतात. झिर्कॉन वाढताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे नंतर जे शिसं आत सापडतं ते तिथेच जन्मलेलं. आणि एकाच कणात दोन वेगळ्या वेगाची घड्याळं, दोघांचं उत्तर जुळलं तर कणातून काही गळलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा एक झिर्कॉन ४४० कोटी वर्षांचा आहे, पृथ्वीवरचा आपल्याला सापडलेला सगळ्यात जुना तुकडा.

शिशाचा त्रास मात्र वेगळाच. पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असं १९५६ मध्ये छापणारा क्लेअर पॅटरसन, त्याने ते उल्कांमधल्या शिशावरून काढलं, पण आधी कित्येक वर्षं त्याचे आकडे बसतच नव्हते. कारण लॅबमध्येच शिसं होतं, हवेत, धुळीत, पाण्यात, रंगात. त्याने लॅब अशी काही घासूनपुसून घेतली की क्लीन रूमचा तो मोठा नमुना ठरला, आणि पुढे हवेत शिसं येतं कुठून हे शोधत तो पेट्रोल कंपन्यांच्या अंगावर गेला. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. दगडाचं वय काढणाऱ्या माणसाची एवढी मदत आपल्या पोरांच्या डोक्याला झालीय.

पण बेसॉल्टमध्ये झिर्कॉन सहसा तयारच होत नाही, सिलिका कमी पडते. मग डेक्कनला हे घड्याळ लावायचं कसं? उत्तर घाटाच्या रस्त्याला दिसतं. दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी तांबडा पट्टा असतो, काही ठिकाणी वीतभर तर काही ठिकाणी पुरुषभर, इंग्रजीत रेड बोल म्हणतात तो. एक लाव्हा आल्यावर दुसरा येईपर्यंत मधे जो निवांत काळ गेला त्यातली ती भाजलेली माती. त्या काळात दुसरीकडे कुठेतरी जास्त सिलिका असलेला ज्वालामुखी फुटून त्याची राख उडत इथे येऊन पडली, आणि राखेबरोबर झिर्कॉन आले. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाने हे तांबडे पट्टे गोळा केले. पोतंभर माती, ती धुवायची, जड कण वेगळे करायचे, चुंबकाने निवडायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या जाडीचे कण चिमट्याने एकेक वेचायचे, तांदूळ निवडतात तसे. ते कण आधी भट्टीत तापवायचे, मग हायड्रोफ्लोरिक अॅसिडमध्ये त्यांचा किरणोत्साराने खिळखिळा झालेला, शिसं गळालेला भाग विरघळवून टाकायचा आणि जो धडधाकट गाभा उरतो त्याचंच वय काढायचं. एवढं करून वय ६.६ कोटी आणि चूक काही दशसहस्र वर्षांची. म्हणजे साधारण दोन हजारात एक.

२०१५ मध्ये त्यांनी म्हटलं की मुख्य उद्रेक उल्कापाताच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांत दहा लाख घन किलोमीटरच्या वर लाव्हा येऊन गेला. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये सायन्स नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन पेपर शेजारीशेजारी आले. शोएन यांचा झिर्कॉनवाला म्हणतो लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला आणि त्यातला एक झटका उल्कापाताच्या काही दशसहस्र वर्षं आधी, म्हणजे जीवसृष्टीच्या नाशात त्याचा हात असू शकतो. कर्टनी स्प्रेन यांचा आर्गॉनवाला म्हणतो असे झटके दिसत नाहीत आणि पाऊण लाव्हा उल्कापातानंतरचा आहे. दोन्ही गट हुशार, दोन्ही पद्धती उत्तम, डोंगर तोच!

यात कोण खोटं नाही. एका गटाने लाव्हामधल्या प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाच्या स्फटिकांना विचारलं की तू कधी थंड झालास, दुसऱ्याने दोन लाव्हांच्या मधल्या राखेतल्या झिर्कॉनला विचारलं की तू कधी वाढलास. झिर्कॉन मॅग्मात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या दगडात, आधीच वाढून काही काळ तिथेच बसून मग उडालेला असू शकतो, म्हणजे त्याचं वय उद्रेकापेक्षा थोडं जास्त येईल. आर्गॉनच्या वयांमध्ये अधिक-उणेची मर्यादा जास्त रुंद. बहुतेक वयं एकमेकांशी जुळतात, पण भांडण आता अशा बारीक काळावर आलंय की "थंड झाला" आणि "वाढला" यातला फरकसुद्धा महाग पडतो. माझं मत विचाराल तर झटके खरे की आलेख काढण्याच्या पद्धतीतून आलेले हे अजून मोजमापं वाढल्याशिवाय कळणार नाही, पण तांबड्या पट्ट्यावर वय टांगायची कल्पना मला जास्त भावते.

या पेपरांमधली नावं वाचताना मला फार मजा येते. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. ही खालून वर क्रमाने लाव्हाच्या थरांच्या गटांची अधिकृत नावं आहेत, निम्मी तर एसटीच्या पाटीवर वाचलेली. डायनोसॉर संपले तो क्षण पोलादपूरच्या खाली की वर यावर प्रिन्स्टन आणि बर्कलेची माणसं वाद घालतायत, आणि आपण पोलादपूरला फक्त वडापावला थांबतो.

सगळा महाराष्ट्र एकाच वयाचा असंही नाही. मुंबईत मनोरी आणि साकीनाक्याचा ट्रॅकाइट (हाही ज्वालामुखीचाच खडक) ६ ते ६.२ कोटी वर्षांचा निघालाय, घाटापेक्षा चाळीस-पन्नास लाख वर्षांनी लहान. कोयनेला तिथल्या भूकंपांचा अभ्यास करायला जी भोकं पाडली त्यातल्या एकात बेसॉल्ट साधारण ९३० मीटरवर संपला आणि खाली ग्रॅनाइट-नाइस लागला, कित्येक पटींनी जुना. गोव्याच्या वेशीवर अनमोड घाटात तो जुना पायाच उघडा पडलाय, तिथल्या खडकाचं रुबिडियम-स्ट्रॉन्शियम या आणखी एका तशाच घड्याळाने वय आलंय सुमारे ३४० कोटी वर्षं.

आणि एकाच मुठीत मावणाऱ्या दगडाचीही दोन वयं असतात. खाणीतून निघालेला पोकळ्यांवाला बेसॉल्ट बघा, पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींत भरपूर, पोकळीत हिरवट किंवा पांढरे चकचकीत स्फटिक, अॅपोफिलाइट, स्टिलबाइट वगैरे. लाव्हा थिजल्यावर गरम पाणी फिरत राहिलं आणि ते स्फटिक नंतर वाढले, काहींची वयं काढली तर भोवतीच्या काळ्या दगडापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान निघालीत. अख्खा गोळा एकत्र कुटून वय काढलंत तर जे उत्तर येईल ते ना बापाचं ना लेकाचं. म्हणून हे लोक आधी हातोड्याने बाहेरची तांबूस साल उडवतात, पोकळ्यावाला भाग टाकतात, मग आतला ताजा, निळसर काळा, खण्ण वाजणारा तुकडा घेतात आणि त्यातूनही फक्त प्लॅजिओक्लेज वेचतात.

आता पाऊस संपला की महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना आंबेनळी घाटात एकदा गाडी जागा बघून बाजूला घ्या आणि कापलेल्या दरडीकडे बघा, काळ्याच्या मधे तांबडा पट्टा सापडतो का. दरडी पडू नयेत म्हणून घाटांमध्ये आता जाळ्या आणि सिमेंटचा लेप मारायला घेतात, त्याबद्दल तक्रार नाही, जीव वाचतात, पण लेप बसला की तो पट्टा परत बघायला मिळत नाही. आणि वळणावर थांबू नका, मागनं ट्रक येतात.